शेंगेनचा दोन वर्षांचा व्हिसा : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

20 सप्टेंबर 2025 ची दोन तिकिटे हातात आली, तेव्हा सवयीप्रमाणे मी वही उघडून दिवस मोजायला बसलो. तासाभराने माझ्या लक्षात आले की या तिकिटांवर जर्मनीला गेलो, तर चौदा दिवसांत परत यावे लागेल. तिकिटे काढली होती जवळजवळ तीन महिन्यांच्या मुक्कामासाठी. माझ्या आणि पत्नीच्या पासपोर्टवर दोन वर्षांचा, कितीही वेळा ये-जा करता येईल असा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या 29 देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा होता, आणि तिकीट काढून देणाऱ्या गृहस्थांनी "काका, मल्टिपल आहे, आता काही बघायला नको" असे मला दोनदा सांगितले होते. हा अनुभव सविस्तर लिहिण्याचे कारण हेच आहे. व्हिसा मिळवण्याची कागदपत्रे आता सर्वांना ठाऊक असतात, पण मिळालेला व्हिसा वापरायचा कसा, हे मला अर्ज भरल्यापासून पासपोर्ट हातात पडेपर्यंत कोणीही सांगितले नाही.

आमची मुलगी श्टुटगार्टला नोकरी करते. 2023 मध्ये आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा 30 दिवसांच्या मुक्कामाचा, एकाच प्रवेशाचा व्हिसा मिळाला होता आणि त्यावर 45 दिवसांची मुदत होती. जास्तीचे 15 दिवस विमान पुढे-मागे झाले तर सोय म्हणून असतात, राहण्यासाठी नसतात, हे मला त्या वेळी मुलीने समजावून सांगितले. 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आम्ही 58 दिवस राहून आलो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी नवी पद्धत ठरवली होती. तीन वर्षांत दोन व्हिसे नियमानुसार वापरलेले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा देता येतो, आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा, अर्थात पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक असेल तर. 2025 च्या मार्चमध्ये आम्ही अर्ज केला आणि खरोखरच 10 एप्रिल 2025 ते 9 एप्रिल 2027 असा व्हिसा आला.

अर्जाविषयी थोडक्यात सांगतो. पेन्शनचा दाखला, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, बँकेच्या शिक्क्याचे खातेउतारे, घराची कागदपत्रे आणि मुलीने तिथल्या परकीय नागरिक कार्यालयातून 29 युरो भरून घेतलेले, आमच्या खर्चाची हमी देणारे जबाबदारीपत्र, एवढ्यावर काम झाले. बोटांचे ठसे 59 महिने ग्राह्य धरतात, त्यामुळे ते पुन्हा द्यावे लागले नाहीत. 11 जून 2024 पासून शुल्क माणशी 80 वरून 90 युरो झाले आहे, आणि अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे शुल्क त्याखेरीज असते. त्या केंद्रात फोटो, संदेशसेवा, घरपोच पासपोर्ट अशा अनेक गोष्टी पैसे देऊन मिळतात. मी त्यांतली एकही घेतली नाही आणि माझे काहीही अडले नाही.

आता मूळ मुद्दा. व्हिसाच्या स्टिकरवर मुक्कामाच्या दिवसांचा एक लहानसा रकाना असतो आणि आमच्या स्टिकरवर त्यात 90 हा आकडा छापलेला आहे. हे 90 दिवस कोणत्याही 180 दिवसांच्या काळातले आहेत, पण 180 हा आकडा त्या स्टिकरवर कुठेही नाही. मी भिंग घेऊन तो पूर्ण स्टिकर वाचला आहे. दोन वर्षांची मुदत ठळकपणे दिसते, प्रवेश कितीही वेळा हे दिसते, आणि ज्या एका आकड्यावर सगळा हिशोब उभा आहे तो मात्र तिथे छापलेला नाही. माझ्या मते या व्हिसातला हा सर्वांत मोठा दोष आहे. दिवस जास्त झाले तर दंड होऊ शकतो, प्रवेशबंदी लागू शकते आणि पुढच्या पाच वर्षांच्या व्हिसाची आशाही संपते. इतकी मोठी शिक्षा असलेला नियम स्टिकरवर एका ओळीत छापायला जागा नसावी, हे मला पटत नाही.

हे 180 दिवस जानेवारी ते जून असे ठरलेले नसतात, ते रोज पुढे सरकतात. ज्या दिवशी तुम्ही तिथे असता, तो दिवस धरून मागे 180 दिवस मोजायचे आणि त्यांत तुम्ही किती दिवस तिथे होतात ते पाहायचे. ती बेरीज कोणत्याही दिवशी 90 च्या वर जाता कामा नये. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस पूर्ण धरले जातात. 14 एप्रिल 2025 ला आमचे विमान फ्रँकफुर्टला रात्री उशिरा उतरले आणि पासपोर्टवर शिक्का पडला तेव्हा बारा वाजायला अर्धा तास बाकी होता. त्या अर्ध्या तासासाठी आमचा एक दिवस खर्ची पडला. तेव्हापासून मी पहाटे उतरणारे विमानच घेतो, मग तिकीट थोडे महाग पडले तरी चालेल, आणि माझ्यासारखा माणूस असे सहसा म्हणत नाही.

त्या खेपेला आम्ही 28 जूनला परतलो. एप्रिलचे 17, मेचे 31 आणि जूनचे 28 मिळून 76 दिवस झाले आणि 14 दिवस उरले. 20 सप्टेंबरला पुन्हा पोहोचलो असतो, तर एप्रिल ते जूनचे सगळे 76 दिवस अजून हिशोबातच होते, म्हणून 3 ऑक्टोबरला बाहेर पडणे भाग होते. 14 एप्रिल हा आमचा पहिला दिवस हिशोबातून गळतो तो 11 ऑक्टोबरला, आणि तिथून पुढे रोज एक जुना दिवस गळत जातो. म्हणजे 11 ऑक्टोबरपर्यंत शिल्लक 14 दिवस पुरवता आले, तर त्यापुढे रोज एक नवा दिवस जमा होतो आणि एक जुना गळतो. 11 ऑक्टोबरच्या आधीचे चौदा दिवस म्हणजे 27 सप्टेंबर.

हे वहीत मांडल्यावर मला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. 26 सप्टेंबरला पोहोचलो तर 9 ऑक्टोबरला, म्हणजे 14 दिवसांत, निघावे लागेल, आणि 27 सप्टेंबरला पोहोचलो तर थेट 25 डिसेंबरपर्यंत पूर्ण 90 दिवस राहता येईल. केवळ एका दिवसाच्या फरकाने मुक्काम 76 दिवसांनी वाढत होता. मी तीनदा मोजले. मग मुलीने युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावरच्या दिवस मोजण्याच्या गणकयंत्रात आमच्या तारखा भरल्या आणि तिथेही तेच उत्तर आले. "बाबा, तुमची वही बरोबर आहे," ती म्हणाली. मला त्या क्षणी मनापासून आनंद झाला, कारण तोपर्यंत घरातल्या सर्वांना मी विनाकारण काळजी करतो आहे असेच वाटत होते.

तिकिटे काढून देणाऱ्यांशी त्यानंतर आठवडाभर वाद झाला. तारीख बदलण्याचे शुल्क आणि भाड्यातला फरक मिळून दोघांचे 18,600 रुपये होत होते. त्यांचे म्हणणे असे की तारखा आम्ही दिल्या, त्यांनी फक्त तिकिटे काढली. माझे म्हणणे असे की दोन वर्षे काही बघायला नको हे आश्वासन त्यांनी स्वतःहून दिले होते आणि त्यावर विसंबूनच मी वही उशिरा उघडली. मी त्यांच्या टेबलावर वही ठेवून सगळा हिशोब वाचून दाखवला, तेव्हा ते म्हणाले की इतक्या वर्षांत कोणी असा हिशोब मागितला नव्हता. शेवटी त्यांनी स्वतःचे सेवाशुल्क सोडले आणि बाकीचे पैसे मीच भरले. त्या 18,600 रुपयांची रुखरुख मला आजही आहे.

तोपर्यंत या व्हिसाविषयी माझे मत पूर्ण प्रतिकूल झाले होते, आणि हे लिखाण मी तेव्हाच केले असते तर कोणीही हा व्हिसा घेऊ नये असे लिहून मोकळा झालो असतो. पण दुसऱ्या खेपेच्या वापरानंतर ते मत बदलले. आम्ही दोन दिवस हाताशी ठेवून 29 सप्टेंबरला पोहोचलो आणि 20 डिसेंबरला निघालो. या 83 दिवसांत बेरीज 88 च्या वर कधीच गेली नाही. या खेपेसाठी ना अर्ज करावा लागला, ना अपॉइंटमेंट शोधावी लागली, ना कागदांची फाईल करावी लागली. दोघांचे 180 युरो, केंद्राचे शुल्क आणि पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात असतानाची ती अस्वस्थता, हे सगळे वाचले. नियम समजून घेतला, तर साधारण सहा महिन्यांच्या अंतराने जवळपास तीन महिने नातीबरोबर घालवता येतात आणि मधले महिने घराकडे, औषधपाण्याकडे पाहता येते. आमच्या वयाला याहून सोयीचा व्हिसा मला तरी माहीत नाही. मात्र प्रवासविमा दर खेपेला नव्याने काढावा लागतो, किमान 30,000 युरोचा, आणि साठी ओलांडलेल्यांना तो स्वस्त पडत नाही. अर्जासोबत पहिल्या खेपेचाच विमा पाहतात, म्हणून पुढच्या वेळी तो काढायचे विसरणारी माणसे मला भेटली आहेत.

29 सप्टेंबरचा एक प्रसंग लिहिलाच पाहिजे. प्रवेशाचा शिक्का चौकोनी असतो आणि निर्गमनाचा गोलसर कोपऱ्यांचा. दोन्हींवर तारीख, ठिकाण, बाण आणि विमानाचे लहान चित्र असते. आमचा 14 एप्रिलचा शिक्का 2024 च्या निर्गमनाच्या शिक्क्यावर तिरका पडला होता आणि शाई पसरल्यामुळे 14 मधला चार हा आकडा एक या आकड्यासारखा दिसत होता. खिडकीतल्या अधिकाऱ्याने ते पान दिव्याखाली धरले, तिरके केले, नखाने तारखेवर दाबून पाहिले आणि आम्हाला विचारले की तुम्ही 11 ला आला होतात का. तो आकडा 11 धरला गेला असता, तर 76 चे 79 दिवस झाले असते आणि माझी मोजणी त्यांच्या मोजणीशी जुळली नसती. मी एप्रिलचा बोर्डिंग पास फाईलमधून काढून समोर ठेवला. त्याने तो पाहिला, मान डोलावली आणि नवा शिक्का मोकळ्या पानावर, अगदी सरळ मारला. पत्नी त्या बोर्डिंग पासांच्या साठवणीवरून मला नेहमी बोलत असे. त्या दिवसापासून तिचे पास ती स्वतः जपून ठेवते.

12 ऑक्टोबर 2025 पासून शिक्क्यांऐवजी संगणकावर नोंद करण्याची पद्धत सुरू झाली असून 10 एप्रिल 2026 पर्यंत ती टप्प्याटप्प्याने सर्वत्र लागू करायचे ठरले होते. व्हिसाधारकांचे ठसे आधीच व्हिसाच्या नोंदीत असल्यामुळे सीमेवर त्यांच्या चेहऱ्याचे छायाचित्र तेवढे घेतात. पुसट शिक्क्याचा प्रश्न यामुळे सुटेल, पण आता एक दिवसही जास्त झाला तर तो यंत्राच्या नजरेतून सुटणार नाही, हेही तितकेच खरे आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. श्टुटगार्टहून शनिवार-रविवारी झुरिकला किंवा स्ट्रासबुर्गला गेले, तरी दिवस याच हिशोबात पडतात, कारण शेंगेनच्या सगळ्या 29 देशांचा हिशोब एकत्र असतो.

पुढच्या खेपेचा हिशोब मी मांडून ठेवला आहे. 29 सप्टेंबरचा दिवस 28 मार्च 2026 ला गळतो. मागच्या 180 दिवसांतले 83 वापरलेले आणि 7 शिल्लक, म्हणून पूर्ण मुक्कामासाठी सर्वांत लवकरची तारीख 21 मार्च येते. तिकिटे मी 24 मार्चची, सकाळी सहाला उतरणाऱ्या विमानाची काढली आहेत. या वेळी तारखा देताना वहीतले ते पान छायाप्रत काढून सोबत दिले आणि त्यावर तिकिटे काढून देणाऱ्या गृहस्थांची सही घेतली.