एम.ए. तत्त्वज्ञानासाठी मराठी विश्वकोश: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

तत्त्वज्ञानात एम.ए. करताना उत्तरे मराठीतून लिहिण्याची मुभा मिळते, पण हाती पडणारी वाचनसूची जवळजवळ सगळी इंग्रजी असते. त्यामुळे वाचायचे एका भाषेत आणि मांडायचे दुसरीत, अशी कसरत पहिल्या सत्रापासूनच सुरू होते. बाजारातील गाइडे ही कसरत वाचवतात, मात्र त्यांतून युक्तिवाद गळून जातो आणि नुसते निष्कर्ष उरतात. म्हणून गेले शैक्षणिक वर्षभर मी मराठी विश्वकोश नियमाने वापरला, घरी संकेतस्थळावर आणि ग्रंथालयात छापील खंडांतून. माझे मत आधीच सांगतो. मूळ ग्रंथ उघडण्यापूर्वी वाचण्यासाठी मराठीत याहून चांगले साधन मला आढळलेले नाही. फक्त कोणती नोंद कोणत्या काळी लिहिली गेली, याचे भान सतत ठेवावे लागते.

माझी पद्धत अशी होती: नोंद एकदा सलग वाचायची, बाजूला ठेवायची आणि तिच्यातील युक्तिवाद स्वतःच्या वाक्यांत पायरीपायरीने वहीत उतरवायचा. अठराव्या शतकातील स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याचा कार्यकारणभावाचा विचार घ्या. बिलियर्डचा एक चेंडू दुसऱ्यावर आदळतो आणि दुसरा चालू लागतो. आपल्याला दिसते ते एवढेच की दोन्ही चेंडू एकमेकांना भिडले आणि एक घटना आधी, दुसरी नंतर घडली. दुसरा चेंडू हललाच पाहिजे, ही अनिवार्यता मात्र डोळ्यांना कोठेही दिसत नाही; असेच पुन्हा पुन्हा घडताना पाहिल्यामुळे मनाला लागलेल्या सवयीतून ती अपेक्षा येते. एवढी वाक्ये वहीत स्वतःच्या शब्दांत तयार झाली, की मग इंग्रजी मूळ वाचताना लेखक एखादा आक्षेप आत्ताच का उपस्थित करतो आहे, हे समजू लागते. उत्तरपत्रिकेत याचा फायदा होतोच, पण माझ्या दृष्टीने वर्गात प्रश्न विचारता येऊ लागला, हा लाभ अधिक मोठा आहे.

विश्वकोशाची रचना अकारविल्हे आहे, आणि पहिला खंड 1976 साली तर विसावा 2015 साली प्रसिद्ध झाला. याचा परिणाम विद्यार्थ्याने ओळखला पाहिजे. ह्यूमच्या आक्षेपामुळे जर्मन तत्त्वज्ञ कांट नव्याने विचार करू लागला, हे कांटने स्वतः मान्य केले आहे. परंतु कोशात कांट ‘क’मध्ये असल्याने आरंभीच्या खंडांत येतो आणि ह्यूम ‘ह’मध्ये असल्याने अखेरच्या. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात एकमेकांना लागून असलेल्या या दोघांवरील नोंदींच्या प्रकाशनात काही दशकांचे अंतर पडले आहे. अस्तित्ववादाची नोंद पहिल्या खंडातली, म्हणजे त्या विचाराचे प्रमुख फ्रेंच प्रतिनिधी सार्त्र हयात असतानाची; त्यांचे निधन 1980 साली झाले. अशा नोंदीतून मूळ भूमिका उत्तम समजते, पण त्या विचाराची पुढची वाटचाल अन्यत्र शोधावी लागते. ऐतिहासिक विचारवंतांच्या बाबतीत मला हे फारसे अडले नाही, समकालीन विषयांच्या बाबतीत अडले.

तत्त्वज्ञानाला या कोशात मिळालेले स्थान योगायोगाचे नसावे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्याचे आद्य प्रमुख संपादक, आणि त्यांच्यानंतर मे. पुं. रेगे यांच्यासारखा तत्त्वज्ञानाचा व्यासंगी अध्यापक विश्वकोश मंडळाच्या अध्यक्षपदी आला. भारतीय दर्शने आणि पाश्चात्त्य विचार यांना एकाच गांभीर्याने वागवणारी शिस्त वाचताना जाणवते. आमच्या अभ्यासक्रमात हे दोन स्वतंत्र पेपर आहेत आणि ते एकमेकांशी क्वचितच बोलतात. कोशातील ‘पहा’च्या खुणांमागे जात राहिल्यास हा संवाद आपोआप घडतो. नोंदीखाली लेखकाचे नाव असते, त्यामुळे निबंधात संदर्भ देताना नेमके कोणाचे म्हणणे आपण मांडत आहोत, हेही सांगता येते.

शोध घेताना कोशाने स्वीकारलेले लेखनच वापरावे आणि व्यक्तींच्या बाबतीत आडनाव आधी घ्यावे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याच्यासाठी ‘डेकार्ट’ऐवजी ‘देकार्त’ असा शोध घेतला की काम लवकर होते. विषयवार ज्ञानमंडळांनी, म्हणजे त्या त्या विषयातील अभ्यासकांच्या गटांनी, लिहिलेल्या नव्या नोंदी संकेतस्थळावर आहेत. त्या सुटसुटीत आहेत आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने तेथूनच सुरुवात करावी, पण युक्तिवादाची पूर्ण बांधणी शिकायची असेल तर छापील खंडांतील लांब परिच्छेदांना पर्याय नाही.

नेट या अध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तत्त्वज्ञानाचा तो पेपर इंग्रजी आणि हिंदीतच असतो, त्यामुळे विश्वकोशावरून काढलेल्या टिपणांच्या समासात इंग्रजी संज्ञा पहिल्या दिवसापासून लिहीत जाणे आवश्यक आहे. मी दुसऱ्या सत्रापासून तसे करू लागलो आणि आता दोन्ही परीक्षांसाठी तीच वही वापरतो.