फेरिटिन घसरलंय: गोळी घ्यावी की भाकरीवर भागवावं?

गड्ड्याच्या यात्रेत अर्ध्यातच बसावं लागलं, तेव्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 12.1. घरचे म्हणाले, "बारा आहे ना, मग झालं." फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा, मात्र 9. हिमोग्लोबिन म्हणजे डब्यातलं पीठ, फेरिटिन म्हणजे कणगीतली ज्वारी. डबा भरलेला दिसतो, पण कणगीचा तळ लागलेला असतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांत 15 च्या खाली साठा संपला असं धरते.

आधी आहाराचा हिशेब. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात, म्हणजे साधारण दोन भाकऱ्यांत, लोह सुमारे 4 मिलिग्रॅम. बाजरीत 6 च्या आसपास, म्हणून भोगीची भाकरी वर्षभर करायला हरकत नाही. पण धान्यातलं लोह अंगी फार कमी लागतं. दहा टक्के धरलं तरी दोन भाकऱ्यांतून पदरात 0.4 मिलिग्रॅम. मटणातलं, कलेजीतलं लोह याहून बरंच सहज शोषलं जातं. खात असाल तर जमेची बाजू. (गरोदरपणी कलेजी मात्र जपून, त्यात अ जीवनसत्त्व फार.)

सासूबाईंचा भर डाळिंबावर. सांगोल्याचं डाळिंब गोड, मान्य, पण 100 ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम 0.3 मिलिग्रॅम. रंगावर जाऊ नका.

खरी गळती चहाची. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि ताट उचलायच्या आत चहा, ही आपली रीत. चहातलं टॅनिन जेवणातलं लोह धरून बसतं. चहा दीड-दोन तास मागे सारा आणि ताटात लिंबाची फोड घ्या. क जीवनसत्त्वाने शोषण वाढतं. यात खर्च शून्य.

आता गोळी. सरकारी दवाखान्यातल्या मोठ्यांच्या लोह-फॉलिक गोळीत 60 मिलिग्रॅम लोह. त्यातलं दहा टक्के लागलं तरी 6, म्हणजे तीस भाकऱ्यांचं काम. किंमत पोट मोजतं: मळमळ, बद्धकोष्ठ, काळी शौच (तिला घाबरू नये). मला रोजची झेपेना, तर डॉक्टरांनी दिवसाआड दिली. एका गोळीनंतर शरीर दिवसभर लोहाचं दार ओढून घेतं, त्यामुळे दिवसाआड घेतल्यावर दर गोळीमागे लोह जास्त अंगी लागतं. दूध, अँटासिड, कॅल्शियम सोबत नको. थायरॉईडच्या गोळीपासून चार तास अंतर.

माझं मत सरळ आहे. फेरिटिन 15 च्या खाली आणि अंग गळालेलं, तर गोळीच. आहार ती कणगी भरू शकत नाही, भरलेली राखतो. काठावर असाल, त्रास नसेल, तर डॉक्टरांना विचारून तीन महिने ताट सुधारून बघा. गोळी सोसतच नसेल तर इंजेक्शन, पण ते डॉक्टरांचं काम.

पुरुष, किंवा पाळी गेलेली बाई असेल, तर गोळीआधी रक्त कुठून जातंय ते शोधा. थॅलेसेमिया मायनर (रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष) असेल तर साठा न तपासता लोह घेऊ नका. आणि फेरिटिन चांगलं असून थकवा असेल, तर बी-12, थायरॉईड बघा.

तीन महिन्यांनी माझं फेरिटिन 34 आलं. डॉक्टरांनी गोळी अजून काही आठवडे चालू ठेवलीय. चहा साडेचारला गेलाय. सासूबाईंचं डाळिंबही चालूच आहे, गोड असतं.