ऑक्टाव्हिया आरएसमध्ये ८० डिग्रीचा थर्मोस्टॅट घातला, आठ महिन्यांचा अनुभव

थर्मोस्टॅट म्हणजे ठराविक तापमानाला उघडून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह. गाडी २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, कंपनीतून १५० पीएसची आलेली, आता रिमॅप केलाय (इंजिनच्या कंप्युटरची सेटिंग बदललीय) म्हणजे बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढलं आणि त्याबरोबर हीटपण वाढली. गेल्या मे मध्ये नाशिकला जाताना कसारा घाटात गाडी ओढेनाशी झाली, तापमानाचा काटा मात्र मस्त ९० वर. ह्या गाडीचा काटा साधारण ७५ पासून १०५ पर्यंत ९० वरच बसून राहतो, त्याच्यावर जाऊ नका, ओबीडी डोंगल (गाडीच्या कंप्युटरमधले खरे आकडे दाखवणारं यंत्र) लावा. मी लावला तेव्हा कळलं की घाटात १०२ होतंय आणि ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) नॉकमुळे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटता ठोके बसतात त्यामुळे, टायमिंग (स्पार्कची वेळ) मागे घेतोय.

वागळे इस्टेटला आमचे जुने मिस्त्री आहेत, ते म्हणाले "साहेब, थर्मोस्टॅट काढूनच टाकू, टेन्शनच नाही". हे अजिबात करू नका!! ह्या इंजिनच्या थर्मोस्टॅटला खाली अजून एक चकती असते, वरचा व्हॉल्व्ह उघडला की ती बायपासचा (रेडिएटर टाळून परत इंजिनात जाणारा) रस्ता बंद करते आणि सगळं कूलंट रेडिएटरकडे वळतं. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायम उघडा, म्हणजे थोडं गरम कूलंट रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं, आणि एरवी सकाळी इंजिन तापायलाच तयार नाही, पेट्रोल जास्त पितं, सिलिंडर घासतात. मिस्त्रींना कागदावर काढून दाखवलं, त्यांना पटलं.

ओरिजिनल ८७ ला उघडायला लागतो आणि १०२ च्या आसपास पूर्ण उघडतो. ७१ वाले पण मिळतात पण रस्त्यावरच्या गाडीला ते फार थंड, ऑइलमधली ओल उडत नाही. म्हणून ८०.

पहिला ऑनलाइन मागवला, कोणाकडून ते सांगत नाही, वर ८० कोरलेलं होतं. बसवायच्या आधी टोपात पाणी घेऊन थर्मामीटर लावून गॅसवर ठेवला, आई शेजारी उभी राहून बघत होती, तर पठ्ठ्या ७२ लाच उघडला आणि पाणी थंड झाल्यावर नीट बंदही होईना. परत पाठवला, पैसे मिळायला महिना गेला. दुसरा नीट जर्मन बनावटीचा घेतला, तो ८० ला हलायला लागला आणि उकळत्या पाण्यात ७-८ मिमी उघडला, बंदही घट्ट झाला. हा बसवला, सोबत नवी ओ-रिंग आणि गुलाबी जी१२ कूलंट. हिरवं त्यात मिसळू नका, आणि हीटर फुल गरमवर ठेवून कूलंटमधली हवा काढा.

आता रिझल्ट. हायवेला १०० च्या स्पीडला आधी ९१-९२ असायचं ते आता ८३-८४ असतं. कसारा त्याच उन्हात, एसी चालू, ९३ च्या वर गेलं नाही आणि टायमिंग आधी ५-६ डिग्री मागे जायचं ते आता २-३, चढावर गाडी खरंच मोकळी वाटते, मला तर गाडी परत मिळाल्यासारखं झालं.

पण घोडबंदर रोडला संध्याकाळी माजिवडा ते पातलीपाडा सरकत जाताना काहीही फरक नाही, ९५-९६ होतंच. कारण तिथे हवाच लागत नाही, थर्मोस्टॅट पूर्ण उघडा असला तरी पुढे काम फॅनचं, आणि फॅनचा पहिला स्पीड ९२ ते ९७ च्या मधेच लागतो. थर्मोस्टॅटने रेडिएटर मोठा होत नाही हो, फक्त इंजिन कमी तापमानापासून सुरुवात करतं म्हणून घाटात तेवढी जागा हाताशी राहते. ज्यांची गाडी ट्रॅफिकमध्ये तापते त्यांनी आधी फॅन, वॉटर पंप, रेडिएटरची जाळी बघा, ह्यात पैसे घालू नका.

तोटे पण आहेत. डिसेंबरात सकाळी तापायला बराच वेळ लागायचा, मायलेज थोडं कमी झालं. नवीन गाड्यांत तर इंजिन हवं तेवढं तापलं नाही की पी०१२८ कोड येऊन चेक लाइट लागू शकते.

रिमॅप असेल आणि घाटात पळवत असाल तर नक्की घ्या, पाचपैकी चार. घरच्या स्टॉक (काही बदल न केलेल्या) गाडीत मी ८७ वालाच ठेवलाय.