मित्राबरोबर पूलचे सामने बघायला परदेशी: मॉस्कोनी कप की डर्बी सिटी?

दोघांनाही पूलचं, म्हणजे टेबलावर क्यूने (काठीने) बॉल पॉकेटात घालायच्या खेळाचं, वेड आहे, दोघांनी पैसे साठवलेत, घरच्यांनीही नाइलाजाने का होईना होकार दिलाय. इथपर्यंत जुळलं की पुढचा वाद ठरलेलाच: डिसेंबरातला मॉस्कोनी कप की जानेवारीतली डर्बी सिटी क्लासिक? मध्ये जेमतेम दीड महिन्याचं अंतर, त्यामुळे एकाच मोसमात दोन्ही करणं ना सुट्टीला परवडत, ना खिशाला. मी एकाच मित्राबरोबर दोन्हीकडे जाऊन आलोय. नाइन-बॉल या पूलच्या नऊ बॉलांच्या प्रकाराचे नियम तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो.

मॉस्कोनी कपची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. १९९४ पासून युरोप विरुद्ध अमेरिका, प्रत्येकी पाच खेळाडू, आधी ११ गुण मिळवेल त्याचा कप. साधारणपणे एक वर्ष ब्रिटनमध्ये, एक वर्ष अमेरिकेत. आम्ही लंडनला, अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये पाहिला. पूलसारख्या दबक्या आवाजात बघायच्या खेळाला फुटबॉलचे प्रेक्षक लाभले तर काय होईल, ते तिथे कळतं. खेळाडू ब्रेकसाठी (डावाच्या पहिल्या फटक्यासाठी) वाकलेला असतानाही गाणी चालू असतात आणि त्याबद्दल कुणी कुणाला गप्प करत नाही. २०२० ते २०२४ अशी सलग पाच वर्षं युरोपच जिंकला, तरी अमेरिकेच्या बाजूने घसा फोडणारे कमी झालेले नाहीत. हे वातावरण आयुष्यात एकदा अनुभवावं असंच आहे, त्यात दुमत नाही.

सोयीच्या बाबतीतही लंडनवाल्या वर्षाला तोड नाही. सत्राची वेळ ठरलेली, तिकिटावर खुर्चीचा नंबर, वुड ग्रीनला ट्यूबमधून उतरून डब्ल्यू-३ बस पकडली की टेकडीवर पोचलात. दिवसभर शहर मोकळं. मित्राची किंवा तुमची बायको बरोबर येणार असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, लंडनच ठरवा.

आता ज्या गोष्टीने माझा कल बदलला ती. मोठ्या सभागृहाच्या मधोमध एकच टेबल आणि तुम्ही त्याच्यापासून बऱ्याच लांब बसलेले. नऊ फुटी टेबल असलं तरी उंची कमरेएवढी, त्यामुळे खालच्या खुर्चीवरून त्याचं कापड म्हणजे नुसती निळी पट्टी दिसते. सात नंबरच्या बॉलमागे पांढरा, म्हणजे क्यूने मारायचा बॉल, किती लपलाय, आठवर कोन मिळतोय की नाही, काही म्हणजे काही कळत नाही. मग मान आपोआप वरच्या पडद्याकडे जाते. पहिल्या दोन रॅकनंतर (डावांनंतर) माझ्या लक्षात आलं की मी टेबलाकडे बघणंच सोडलंय. एवढा विमानप्रवास करून शेवटी पडदाच बघायचा, हे मला काही पचलं नाही. यात आयोजकांचा दोष नाही. एका टेबलाभोवती हजारो माणसं बसवायची म्हटली की असंच होणार. वरच्या रांगेतून कदाचित बरं दिसत असेल, पण तिथून खेळाडूचा चेहरा दिसणार नाही.

आणि मित्राबरोबर गेल्याचा अर्थ तरी काय? माझ्यापुरता तो एवढाच: खेळाडू टेबलाभोवती फिरत असताना दोघांनी कुजबुजायचं, ‘हा आता काय मारेल?’ माझा मित्र कायम बँक (बॉल टेबलाच्या कडेवर आपटून पॉकेटात घालणं) सुचवतो, मी कायम सेफ्टी (समोरच्याला अडचणीत टाकणारा बचावाचा शॉट). मॉस्कोनी कपमध्ये शॉटला ३० सेकंद, कानाशी गोंगाट आणि बॉल कुठे आहेत ते नीट दिसत नाही. आमचा वाद सुरू व्हायच्या आत शॉट होऊन जायचा.

डर्बी सिटी याच्या अगदी उलट. १९९९ पासून दर जानेवारीत भरते. हल्लीचा मुक्काम इंडियाना राज्यातल्या एलिझाबेथ गावातलं कसिनो हॉटेल, केंटकीतल्या लुईव्हिलहून ओहायो नदी ओलांडली की आलंच. नऊ-दहा दिवस, तीन मुख्य प्रकार: आधी बँक्स, मग वन पॉकेट, शेवटी नाइन-बॉल. सगळ्यांत मिळून ज्याची कामगिरी सरस तो ‘मास्टर ऑफ द टेबल’. हा मान फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसने अनेकदा मिळवलाय, यावरून दर्जाचा अंदाज यावा. एकाच दालनात टेबलांच्या रांगाच्या रांगा आणि तुम्ही अक्षरशः काही फुटांवर. क्यू बॉलवरची खडूची खूण दिसते. खेळाडू सुस्कारा टाकतो तोही ऐकू येतो.

वन पॉकेट कधी पाहिला नसेल तर थोडं सांगतो. टेबलाच्या एका टोकाच्या दोन पॉकेटांपैकी एक तुमचं, एक समोरच्याचं, पंधरांतले आठ बॉल आधी आपल्या पॉकेटात घालायचे. ऐकायला सोपं, पण अर्धा वेळ समोरच्याला अडकवण्यातच जातो. फाउल केला तर एक बॉल परत टेबलावर ठेवावा लागतो, तरी चांगले खेळाडू मुद्दाम फाउल करतात, कारण कधीकधी तेच स्वस्त पडतं. एका सामन्यात पांढरा अगदी बॉलांच्या ढिगाला चिकटलेला होता. मित्र म्हणाला बँक, मी म्हणालो सेफ्टी. त्या वयस्कर गृहस्थाने मिनिटभर टेबल न्याहाळलं, पांढऱ्याला क्यूच्या टोकाने नुसता स्पर्श केला, स्वतःचा एक बॉल निमूट परत ठेवला आणि खुर्चीवर जाऊन बसला. पुढची दहा मिनिटं आम्ही दोघं फक्त त्या एका स्पर्शावर बोलत होतो. असली दहा मिनिटं मला लंडनमध्ये मिळाली नाहीत.

शिवाय इथे स्वतः उतरता येतं. प्रवेश फी भरली की तुमचं नाव त्याच ड्रॉमध्ये (कोण कुणाशी खेळणार याच्या सोडतीत), आणि ड्रॉ प्रत्येक फेरीला नव्याने निघतो. पहिल्या हरण्यानंतर पुन्हा पैसे भरून परतता येतं, दुसऱ्यांदा हरलात की संपलं. समोर कोणी विश्वविजेता आला तर सामना लवकर आटपेल हे खरं, पण परत आल्यावर सांगायला गोष्ट राहते. क्यू मात्र मोठ्या सामानातच टाका, अमेरिकेत तो विमानाच्या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. कडक खोक्याची केस घेतली नसेल तर घ्या.

डर्बीचे तोटे लपवण्यात अर्थ नाही. ड्रॉ फेरीगणिक असल्यामुळे आवडीचा खेळाडू कधी, कुठल्या टेबलावर येईल हे आदल्या दिवशी कळत नाही. सामने मध्यरात्रीनंतरही रेंगाळतात. ते संपले की बाजूला पैशांचे सामने रंगतात, त्यामुळे झोपेचं गणित बोंबलतं. हॉटेलबाहेर पाय मोकळे करावेत असं फारसं काही नाही आणि जानेवारीत बाहेर पडावंसंही वाटत नाही. गाडी भाड्याने घेतली नाही तर अडकून पडाल. दोघांपैकी एकाला लवकर झोपायची सवय असेल तर वेगवेगळ्या खोल्या घ्या, मैत्री टिकेल.

तेव्हा ज्याला खेळापेक्षा जल्लोष हवा, किंवा बरोबरचा मित्र पूल फक्त टीव्हीवर बघणारा आहे, त्याने मॉस्कोनी कपला जावं. त्याला पडद्याचा एवढा त्रास होणारही नाही. पण दोघंही क्यू हातात धरणारे असाल आणि एकमेकांचं ऐकून न घेण्याची जुनी सवय असेल, तर मी तरी डर्बी म्हणेन. सगळे दिवस जमत नसतील तर सुरुवातीचे सोडा, वन पॉकेटच्या शेवटच्या फेऱ्या आणि नाइन-बॉलची सुरुवात सापडेल असे मधले चार-पाच दिवस धरा. खोली त्याच हॉटेलात मिळतेय का ते तिकिटाच्या आधी बघा, कारण रात्री दोन वाजता बर्फातून गाडी चालवायला दोघांपैकी कुणीच तयार होणार नाही.