पॅरिस-मार्सेय तेजेवे (TGV, फ्रान्सची अतिवेगवान रेल्वे): वेग उत्तम, दारांची वेळ सांभाळा

सुमारे 750 किलोमीटर, साधारण सव्वातीन तासांत, आणि तेही ताशी 300 किलोमीटरच्या वेगाला अजिबात हादरे न बसता. या मार्गावर याहून चांगला पर्याय नाही. दुमजली डब्यात वरची जागा घ्या. खालून बऱ्याचदा रुळांकडेच्या भिंतीच दिसतात. मात्र एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट वरूनच असल्याने वर वर्दळ असते. झोपायचे असेल तर खालचा मजला शांत.

आरक्षण सक्तीचे, पासधारकांनाही. गाडी सुटण्याच्या 2 मिनिटे आधी दारे बंद होतात. दोन गाड्या जोडलेल्या असतील तर आतून पलीकडे जाता येत नाही, म्हणून डब्याचा क्रमांक फलाटावरच पाहा. जड बॅगा दाराजवळच्या रॅकवर. ती लवकर भरते.