अमेरिकेच्या गोटात जावं की सगळ्यांशी धरून राहावं? भारतापुढच्या दोन वाटा

नागपुरात यूपीएससी-एमपीएससी करणारी पोरं सध्या हेच विचारून राहिली, की मुलाखतीत परराष्ट्र धोरणावर बाजू घ्यायला लावली तर कोणती घ्यायची, म्हणून दोन्ही समोरासमोर मांडतो.

अमेरिकेशी पक्कं जुळवून घ्या म्हणणाऱ्यांचं सगळ्यात मोठं कारण चीन. २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान शहीद झाले आणि युक्रेन युद्धानंतर रशिया चीनवर इतका विसंबून आहे की उद्या वेळ आली तर तो आपल्या बाजूने उभा राहीलच असं धरून चालता येत नाही. उलट अमेरिकेसोबत क्वाड (भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया यांचा गट) आहे, एकमेकांचे लष्करी तळ रसद-दुरुस्तीसाठी वापरायचा २०१६ चा लेमोआ करार आहे आणि २०२० चा बेका करार, ज्यातून नकाशे आणि उपग्रहांची माहिती मिळते. हा मुद्दा हलक्यात घेऊ नका.

आता दुसरी बाजू, आणि मला हीच जास्त पटते. १९७१ च्या पाकिस्तान युद्धात सोव्हिएत संघाशी करार होता म्हणून सुरक्षा परिषदेत त्यांचा व्हेटो मिळाला, अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागरात आलं तरी निभावलं, पण १९९१ मध्ये सोव्हिएत संघच मोडला आणि शस्त्रांचे सुटे भाग मिळवताना नाकी नऊ आले. एकावरच भिस्त ठेवली की हे असं होतं. म्हणून मग १९९२ ला इस्रायलशी पूर्ण संबंध, २०१६ ला फ्रान्सकडून ३६ राफेल लढाऊ विमानांचा करार, २०१८ ला रशियाकडून एस-४०० या हवाई संरक्षण यंत्रणेचा. आपल्या नागपूर विमानतळाजवळच्या मिहानमध्येच बघा ना, राफेल बनवणाऱ्या फ्रान्सच्या दसॉ कंपनीचा भागीदारीतला कारखाना पण आहे आणि बोइंगने उभारलेलं विमान दुरुस्ती केंद्र पण.

पण याची किंमत आहे आणि ती आपल्या विदर्भाने मोजली. रशियाचं तेल घेतो म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मालावरचं अमेरिकेचं टॅरिफ (आयात शुल्क) ५० टक्क्यांवर गेलं, त्याचा फटका बसलेल्या कापड गिरण्यांना आधार म्हणून सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरपर्यंत काढून टाकलं, म्हणजे इकडे यवतमाळ-वर्ध्यात वेचणी सुरू आणि तिकडून बाहेरचा स्वस्त कापूस आत. शेतकऱ्याला कोणी विचारलं का? गोटात असतो तर वाचलो असतो असंही नाही, जपान आणि कॅनडा तर अमेरिकेचे जुने साथीदार, टॅरिफ त्यांच्यावरही लागलंच.

तर पहिली बाजू घेणार असाल तर जपानवरही टॅरिफ का लागलं याचं उत्तर तयार ठेवा, दुसरी घेणार असाल तर कापसाचं. शेतकऱ्याला भरपाई कोण आणि कशी देणार, हे मुलाखतीत नीट सांगता आलं पाहिजे.