ड्रमला जाड रॅप की रेडियमवाल्याचं व्हिनाइल?

लग्नसराई संपली की बँजो पार्टीचे ड्रम दुरुस्तीला निघतात. शेल (ड्रमचं लाकडी किंवा पत्र्याचं नळकांडं) धड असतं, वरचा रॅप (त्यावरचं रंगीत प्लॅस्टिकचं आवरण) मात्र फुगलेला आणि जोडाशी उचकटलेला. मग प्रश्न येतो: ड्रमसाठीच मिळणारा जाड पीव्हीसी रॅप मागवायचा, की गावातल्या रेडियमवाल्याकडून गाडीचं व्हिनाइल लावून घ्यायचं? वरातीच्या ड्रमसाठी आमचा कौल जाड रॅपला, तोही पूर्ण चिकटवलेल्या. कारण ऊन. परभणी-नांदेडला मे महिन्यात सावलीतच पारा ४२ च्या पुढे जातो, आणि ड्रम तर उघड्या टेम्पोत असतात.

जाड रॅप साधारण अर्धा मि.मी. असतो. व्हिनाइल ०.१ मि.मी. किंवा त्याहून पातळ. त्यामुळे शेलवरचा ओरखडा, जुन्या गोंदाची गुठळी, बुजवलेलं भोक, सगळं त्यातून वर उमटतं. खाली पुट्टी भरून, आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप) मारलेलं शेल लागतं. उघड्या प्लायवर व्हिनाइल धरतच नाही. ते भुशाला चिकटतं, लाकडाला नाही. पत्र्याच्या साईड ड्रमवर मात्र सुरेख बसतं.

जाड रॅप बारीक दोष झाकतो, पण व्यास १ मि.मी.ने वाढवतो आणि जोडावर आणखी अर्ध्याने. शेल आधीच मापाला भरलेलं असेल तर पान (ड्रमवर ताणलेला पडदा) अडकतं, एका बाजूला सुरकुती राहते आणि लगचे (शेलवर बसवलेल्या, पान ताणणाऱ्या धातूच्या तुकड्यांचे) स्क्रू कितीही पिळले तरी सूर लागत नाही. म्हणून कापण्याआधी रॅपचे दोन तुकडे समोरासमोर कडेला धरून पान घालून बघा. ते सहज फिरलं पाहिजे. रॅप वरच्या कडेच्या ३ मि.मी. खालीच थांबवा.

मापासाठी नुसत्या गुणाकारावर जाऊ नका, शेलभोवती फीत घाला. २२ इंची बास ड्रमचा घेर ६९ इंचांच्या आसपास भरतो, १२ इंची टॉमचा (लहान ड्रमचा) ३८ च्या आत. दोन्हीला जोडासाठी वरून १ इंच धरा. व्हिनाइल इथे स्वस्त पडतं: १५२ सें.मी. पन्ह्याचा रोल मिळाला, तर १.८ मीटर तुकड्यात १८ इंच खोलीचा बास, १६ चा फ्लोअर टॉम आणि ८ व ९ इंचांचे दोन टॉम, चारही निघतात.

खरा फरक चिकटवण्यात आहे. जाड रॅप फक्त जोडावर दुहेरी टेप लावून गुंडाळायची पद्धत सोपी आहे, चुकलं तर उकलताही येतं. पण तापमानात ३० अंशांचा फरक पडला की बास ड्रमवरचा पीव्हीसी सुमारे ३ मि.मी. लांबतो, आणि लाकूड जवळजवळ तेवढंच राहतं. उन्हात रॅप सैल होऊन फुगतो, ठोक्याला फडफडतो. थंडीत आखडून टेपवर ताण देतो. हॉलमध्येच वाजणाऱ्या ऑर्केस्ट्राच्या सेटला टेप चालेल, वरातीला नाही.

पूर्ण चिकटवायला फेविकॉल एसआर ९९८ सारखा रबरी गोंद घ्या. चार शेलना साधारण एक लिटर धरा. लाकूड गोंद पितं, म्हणून त्याला दोन हात, रॅपच्या पाठीला एक. बोट लावल्यावर तार सुटली नाही की जोडायचं. हिवाळ्यात याला १०-१५ मिनिटं लागतात. मे महिन्यात दुपारी वरचा थर लगेच सुकतो आणि पकड जाते, म्हणून काम सकाळी ८ च्या आत उरका. श्रावणात ओल्या हवेने गोंदावर पांढरट साय येते. तशात जोडलं तर महिन्याभरात सुटतं. हेअर ड्रायरने साय जाईपर्यंत गरम करा. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, त्यामुळे मध्ये बटर पेपर ठेवून तो हळूहळू ओढत रोलरने दाबत जा. गोंदाचा वास डोक्यात चढतो, ओसरीवर काम करा आणि जवळ चूल-शेगडी नको.

व्हिनाइलला गोंद स्वतःचाच असतो. तो उन्हात बऱ्यापैकी टिकतो, पण स्वस्त रेडियम वर्ष-दोन वर्षांत आखडतं आणि जोडाची कड वळते. शिवाय टेम्पोत रिमला रिम घासली की पहिल्या फेरीतच फाटतं. मंडळाचं नाव, रंग दरवर्षी बदलायचे असतील तर मात्र तेच सोयीचं: ड्रायरने गरम करून सोलता येतं, आणि शेलला सीलर असेल तर लाकडाचा पापुद्राही निघत नाही.

जोड कुठलाही असो, तो लगच्या रांगेखाली घ्या, म्हणजे स्क्रूच त्याला दाबून धरतात. भोकं आतून टोच्याने खुणावून बाहेरून ड्रिल करा. आतून ड्रिल रेटलं तर रॅप भोकाभोवती उचलतो, आणि पुढचा फुगा तिथूनच सुरू होतो.